ओटीपी कुणाच्या हातात?

पुणे-नाशिक महामार्गाने राजगुरूनगर सोडून मंचरच्या दिशेने निघाले की घाटाजवळ पेठ लागते. आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावरचे हे गाव. हे पठार पावसाळी बटाट्यासाठी ओळखले जाते. तालुक्याची कचेरी घोडेगावला, मोठी बाजारपेठ मंचरला, सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय अवसरी खुर्दला. एका पिढीपूर्वी यांपैकी कुठेही कागदाचे काम निघाले की एसटीची वाट पाहायची आणि दिवसाची मजुरी बुडवायची, हे ठरलेलेच होते. आता सातबारा मोबाइलवर दिसतो, पिकाची नोंद मोबाइलवर होते, अकरावीचा प्रवेश मोबाइलवर, हजचा अर्जही मोबाइलवर. सगळे सोपे झाले, असे आपण म्हणतो.

तरीही कुठल्याही योजनेची शेवटची तारीख जवळ आली की मंचर असो, घोडेगाव असो की जुन्नर, महा-ई-सेवा केंद्रासमोर रांग लागते. या रांगेकडे नीट पाहिले आहे का? तिच्यात उभ्या असलेल्या जवळजवळ प्रत्येकाजवळ मोबाइल असतो. त्यात नेट असते. रांगेत उभे राहून कुणी यूट्यूब बघत असते, कुणी पुतणीच्या लग्नाचे फोटो पुढे पाठवत असते. मग ही रांग कशाची?

ज्यांच्याजवळ इंटरनेट आहे, पण इंटरनेटवर स्वतःचे काम करता येत नाही, अशांची ही रांग आहे. या महिन्याच्या सदरात तिच्याविषयीच बोलायचे आहे. आपल्या घरांतली निम्मी माणसे या रांगेत आहेत आणि त्यांत बायका जास्त आहेत. या रांगेची किंमत फॉर्ममागे पन्नास-शंभर रुपये, इतकीच आहे असे आपण धरून चालतो. खरी किंमत त्याहून बरीच मोठी आहे.

फोन असणे आणि फोन येणे

गाव आणि शहर, श्रीमंत आणि गरीब यांच्यातली इंटरनेटची दरी म्हटली की कनेक्शन कुणाकडे आहे आणि कुणाकडे नाही, एवढेच आपण मोजतो. एस्टर हार्गिटाई या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २००२ मध्ये याच्या पुढचा प्रश्न विचारला. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातील एका भागातून त्यांनी ५४ माणसे निवडली. सगळी इंटरनेट वापरणारीच होती. प्रत्येकाला संगणकासमोर बसवून नेटवर काही ठरावीक माहिती शोधायला सांगितले आणि शेजारी बसून निरीक्षण केले. काहींनी मिनिटा-दोन मिनिटांत काम संपवले, काहींना बराच वेळ लागला आणि काहींना ते जमलेच नाही. कनेक्शन सगळ्यांकडे असूनही माणसे एका पायरीवर नव्हती. या फरकाला त्यांनी दुसऱ्या पातळीवरची दरी म्हटले.

आपल्याकडे पहिली दरीच अजून बुजलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील ३८ टक्के स्त्रियांनी आपण कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे सांगितले. पुरुषांचे प्रमाण ६१.५ टक्के होते. त्यानंतर ही संख्या वाढली असणार, पण घरातला फोन कुणाचा, हा प्रश्न तसाच आहे. २०२३ च्या ‘असर’ अहवालात ग्रामीण भारतातील १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींची पाहणी होती. दहांपैकी सुमारे नऊ जणांच्या घरी स्मार्टफोन होता आणि तितक्याच जणांना तो वापरता येत होता. मात्र वापरता येणाऱ्यांमध्ये स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के होते, तर मुली १९.८ टक्के.

याच पाहणीत मुलांना फोनवर काही कामे करून दाखवायला सांगितली होती. यूट्यूबवर सांगितलेला व्हिडिओ दहांपैकी आठ जणांना सापडला आणि त्यांतल्या बहुतेकांना तो मित्राला पाठवताही आला. एखाद्या प्रश्नाचे उत्तर नेटवर शोधणे दहांपैकी सात जणांना जमले. नकाशावर एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला किती वेळ लागेल हे पाहणे मात्र एक तृतीयांशाहून थोड्याच जास्त मुलांना आले. प्रत्येक कामात मुली मुलांच्या मागे होत्या.

याचा अर्थ मुलींना डोके कमी, असा कुणी काढू नये. पोहण्याचे उदाहरण घ्या. ज्याला रोज विहिरीवर जाऊ दिले तो पोहायला शिकला आणि जिला काठावर उभे राहून कपडे सांभाळायला सांगितले ती शिकली नाही. हार्गिटाईंनी २००६ मध्ये स्टीव्हन शेफर यांच्यासोबत लिहिलेल्या एका अभ्यासात तर आणखी एक गोष्ट पुढे आली. प्रत्यक्ष काम करायला दिले तेव्हा स्त्री-पुरुषांच्या कौशल्यात फारसा फरक दिसला नाही. पण ‘तुम्हाला कितपत येते?’ असे विचारल्यावर स्त्रियांनी स्वतःला बरेच खालचे गुण दिले. हे वाचताना आपल्या घरातला आवाज कानात येतो: “मला नाही बाई जमत त्यातलं, मुलगा आल्यावर बघेल.” ज्या अम्मीला व्हॉट्सअॅपवर दुबईच्या भावाला व्हिडिओ कॉल लावता येतो, तीच हे म्हणत असते.

अंगठा गेला, ओटीपी आला

आपल्या दादा-परदादांच्या काळी सावकाराच्या कागदावर अंगठा उठायचा. कागदावर काय लिहिले आहे ते अंगठा देणाऱ्याला वाचता येत नसे. लिहिणारा सांगेल तो मजकूर. साक्षरता आली आणि अंगठ्याची जागा सहीने घेतली, याचा आपल्याला अभिमान वाटतो. आज ओटीपीचे सहा आकडे हीच आपली सही आहे, आणि ती आपण केंद्रावरच्या गर्दीत मोठ्याने ओरडून सांगतो. समोरचा माणूस कुठल्या कागदावर ती सही उठवतो आहे, हे बघायची आपल्याला सवय नाही.

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे उदाहरण ताजे आहे आणि आपल्या बहुतेक वस्त्यांत घडलेले आहे. २८ जून २०२४ रोजी शासन निर्णय झाला. २१ ते ६५ वर्षांच्या पात्र स्त्रियांना महिन्याला १५०० रुपये. सुरुवातीला अर्ज ‘नारीशक्ती दूत’ नावाच्या अॅपवरून भरायचे होते. योजना बहिणींची, अॅपचे नाव नारीशक्तीचे, पण अनेक घरांत अॅप उघडले ते भावाने, मुलाने, शेजारच्या कॉलेजकुमाराने किंवा अंगणवाडीच्या ताईंनी. त्या वेळी काम झाले, पैसे आले आणि विषय मागे पडला.

खरी परीक्षा सप्टेंबर २०२५ मध्ये आली. सर्व लाभार्थींनी ई-केवायसी करावी, असे सरकारने सांगितले. आधी १८ नोव्हेंबरपर्यंत मुदत होती, ती पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. संकेतस्थळावर बहिणीचा आधार क्रमांक टाकायचा, तिच्या फोनवर आलेला ओटीपी भरायचा, मग पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांचा ओटीपी. इथे घराघरांतली गुपिते बाहेर आली. कुणाच्या आधारला जोडलेला नंबर आठ वर्षांपूर्वी बंद पडलेल्या सिमचा निघाला. कुणाच्या आधारला दिराचा नंबर होता. पती हयात नसलेल्या आणि तलाक झालेल्या बहिणींपुढे तर प्रश्नच होता, दुसरा ओटीपी आणायचा कुणाचा? त्यांच्यासाठी कागदपत्रे अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सोय नंतर करावी लागली.

त्याच फॉर्मच्या शेवटी काही विधाने होती आणि त्यांपुढे ‘हो’ किंवा ‘नाही’ निवडायचे होते. घरात कुणी सरकारी नोकरीत नाही, अशा अर्थाचे ते वाक्य नकारार्थी होते. वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न उमटतो, ‘सरकारी नोकर आहे का?’ आणि बोट ‘नाही’वर पडते. नकारावर नकार, अर्थ उलटा. चुकीचा पर्याय निवडला गेल्यामुळे पुढे अनेक बहिणींचे हप्ते अडकले आणि अंगणवाडी सेविकांकडून प्रत्यक्ष पडताळणी करून घेण्याची वेळ आली.

यात बहिणींचाच दोष, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सरळ वाक्य लिहिणे ही सरकारचीही जबाबदारी आहे. पण ज्यांनी स्वतः फॉर्म वाचून भरला, त्यांना थांबून विचार करायची संधी तरी मिळाली. ज्यांच्या वतीने दुसऱ्याने घाईत बोट टेकवले, त्यांना आपण काय उत्तर दिले हेही ठाऊक नव्हते. महिन्याचे १५०० रुपये बंद झाल्यावर ते कळले. ज्या घरात तेवढ्यावर औषधपाणी आणि मुलांच्या वह्या निघतात, तिथे हा फरक किती मोठा आहे हे वेगळे सांगायला नको.

शेत आणि शाळा

शेतातही तेच. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः बांधावर जाऊन अॅपमध्ये पिकाची नोंद करायची, फोटो काढायचा आणि ती नोंद सातबाऱ्यावर चढायची. कल्पना चांगली आहे. आपले पीक आपणच नोंदवायचे, तलाठ्याच्या फेरीची वाट पाहायची नाही. पेठच्या पठारावर बटाटा आहे की सोयाबीन, हे शेतकऱ्याइतके कुणाला ठाऊक असणार? पण अॅप चालवता येत नसेल तर हा अधिकार हातात येऊनही वापरला जात नाही. एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, म्हणून गावातला एखादा हुशार पोरगा सगळ्या भावकीची नोंद करून टाकतो. तो मुलगा भला असेल तर प्रश्न नाही. पण घाईत गट नंबर चुकला, शेजारच्या बांधाचा फोटो गेला किंवा मुदत टळली, तर पीकविमा आणि अतिवृष्टीची मदत मागताना कागदावर भलतेच पीक दिसते किंवा काहीच दिसत नाही. जमीन विधवा फुफीच्या नावावर असेल आणि ती मंचरला राहत असेल, तर तिच्या वाट्याची नोंद कुणी केली, काय केली, हे तिला कळायला मार्ग नसतो.

आता शाळेकडे या. पूर्वी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा शहरी भागांतच अकरावीचा प्रवेश ऑनलाइन होता. २०२५-२६ पासून तो सगळ्या राज्याला लागू झाला. म्हणजे घोडेगाव, मंचर, जुन्नरच्या मुलीलाही संकेतस्थळावर अर्ज भरून जास्तीत जास्त दहा महाविद्यालयांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. हा क्रम म्हणजे नुसता कारकुनी रकाना समजू नका. मुलगी कुठे शिकणार आणि शिकणार की नाही, हे त्यावर ठरू शकते. केंद्रचालकाने यादी भरायची म्हणून चाळीस किलोमीटरवरचे कॉलेज वर टाकले आणि नंबर तिथेच लागला, तर अब्बा म्हणणार, “इतक्या लांब रोज कशी जाणार? राहू दे.” दोन बसची वेळ, कॉलेजचे माध्यम, शाखा, फी, मुलींचे वसतिगृह हे सगळे पाहून क्रम लावणे घरच्यांनाच जमेल. केंद्रावर दहा मिनिटांत ते होत नाही.

सत्त्याण्णव लाख निवेदने

इंटरनेटवरच्या सहभागाचे दोन प्रकार असतात, हे गेल्या दोन वर्षांत आपल्या समाजाने फार जवळून पाहिले. वक्फ दुरुस्ती विधेयक २०२४ मध्ये संयुक्त संसदीय समितीकडे गेले आणि समितीने जनतेची मते मागवली. बाजूने आणि विरोधात, दोन्हीकडून क्यूआर कोड फिरले. कोड स्कॅन केला की तयार मजकुराचा ई-मेल उघडायचा, बोट टेकवले की तो जायचा. समितीच्या अहवालानुसार सुमारे ९७ लाख निवेदने आली. कायद्याविषयी आपले मत काहीही असो, इतक्या माणसांनी संसदेपर्यंत काही पोचवले ही मोठी गोष्ट होती. पण त्यातले फार थोडे जण स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या गावच्या मशिदीचा किंवा कब्रस्तानाचा दाखला देऊन लिहू शकले असतील. तयार मजकूर लाखांनी आला तरी वाचणाऱ्याला तो एकच मजकूर वाटतो.

मग कायदा झाला आणि ६ जून २०२५ रोजी ‘उमीद’ पोर्टल सुरू झाले. प्रत्येक वक्फ मालमत्तेची माहिती सहा महिन्यांत त्यावर भरायची होती. या वेळी एका टिचकीने भागणार नव्हते. मुतवल्लीने खाते उघडायचे, मालमत्तेचे क्षेत्रफळ, चतुःसीमा, नोंदणीचा तपशील भरायचा, जुनी कागदपत्रे स्कॅन करून चढवायची. त्यानंतर वक्फ मंडळाच्या पातळीवर तपासणी आणि मग मंजुरी. गावोगावचे मुतवल्ली अनेकदा साठी-सत्तरीचे बुजुर्ग. त्यांच्याकडे कागद आहे तो उर्दूत किंवा मोडीत, क्षेत्र आहे ते गुंठ्यांत आणि आण्यांत. पोर्टल संथ चालते, अशा तक्रारीही देशभरातून आल्या. मुदत वाढवावी म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १ डिसेंबर २०२५ रोजी न्यायालयाने सरसकट मुदतवाढ दिली नाही आणि अडचण असेल त्यांनी वक्फ न्यायाधिकरणाकडे जावे, असे सांगितले.

मुदत संपली तेव्हा सरकारने दिलेले आकडे असे: पोर्टलवर ५ लाख १७ हजार मालमत्तांची नोंद सुरू झाली होती. त्यांतल्या सुमारे २ लाख १७ हजार मंजूर झाल्या, सुमारे २ लाख १४ हजार सादर होऊन तपासणीच्या वाटेवर होत्या आणि जवळपास ११ हजार पडताळणीत नामंजूर झाल्या. हा हिशेब मांडला तर सुमारे ७५ हजार नोंदी सुरू होऊनही सादर झालेल्या दिसत नाहीत. कुणीतरी लॉगिन केले, काही रकाने भरले आणि कुठेतरी अडकले. कुणाचे कागद कमी पडले असतील, कुणाचे पोर्टल बंद पडले असेल, कुणाला पुढचे बटण सापडले नसेल.

क्यूआर कोड स्कॅन करणारे हात लाखोंनी निघाले. एका कब्रस्तानाचा कागद नीट स्कॅन करून, योग्य रकान्यात, योग्य एककात भरणारे हात मात्र प्रत्येक जमातीत शोधावे लागले. ज्या गावात जमातीतल्या एखाद्या शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने मुतवल्ली चाचांच्या शेजारी चार संध्याकाळी बसून काम केले, तिथे नोंद झाली. कागद वाचणारे बुजुर्ग आणि संगणक जाणणारी मुले, दोघांचीही गरज होती. एकट्याने कुणालाच ते जमले नसते.

लिहिणारे कोण?

आणखी एक पायरी वर आहे आणि तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. इंटरनेटवर आपण वाचतो ते कुणीतरी लिहिलेले असते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे आणि तो कुणालाही लिहिता येतो, दुरुस्त करता येतो. हार्गिटाई आणि अॅरन शॉ यांनी अमेरिकेत या सहभागाच्या पायऱ्या मोजल्या. विकिपीडियाचे नाव ऐकणे, तो उघडून वाचणे, तो आपल्यालाही बदलता येतो हे ठाऊक असणे आणि प्रत्यक्ष काही लिहिणे. प्रत्येक पायरीवर माणसे गळत जातात. अनेक वाचकांना आपणही यात लिहू शकतो हेच माहीत नसते. तरुणांवरच्या त्यांच्या आधीच्या एका अभ्यासात असे दिसले की लिहिण्याची शक्यता सर्वांत जास्त होती ती कौशल्य असलेल्या मुलग्यांची. कौशल्य कमी असलेल्यांमध्ये मुलगे काय नि मुली काय, फरक नव्हता. म्हणजे कौशल्य तर हवेच, पण मुलींना कौशल्य मिळाल्यावरही ‘मी लिहीन आणि माझे लिहिलेले टिकेल’ हा विश्वास वेगळा द्यावा लागतो.

आपल्या भागाचाच विचार करा. मलिक अहमदने १४९० मध्ये निजामशाहीची सुरुवात केली ती जुन्नरहून. जुन्नरच्या हापूसबागेतील सौदागर घुमट आजही उभा आहे. घाटवाटा, बाजारपेठा, तांबोळी, बागवान, मुलाणी, अत्तार यांचे पिढीजात व्यवसाय, आपल्या घरांत बोलली जाणारी मराठी-दख्खनीची मिसळ, उरुसात सगळ्या गावाचा असलेला वाटा, हे सारे ज्यांच्या घरात जगले गेले त्यांनी लिहिले नाही तर दुसरे कुणीतरी ऐकीव लिहील, किंवा कुणीच लिहिणार नाही. गावातल्या जुन्या कबरीवरच्या शिलालेखाचा स्वच्छ फोटो काढून तो सर्वांसाठी खुला करणे, हेही लिहिण्याइतकेच मोलाचे काम आहे. त्याला पदवी लागत नाही.

घरात काय करता येईल

सरकारने प्रयत्न केले नाहीत असे नाही. २०१७ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात सहा कोटी ग्रामीण कुटुंबांतील प्रत्येकी एका माणसाला वीस तासांचे प्रशिक्षण देण्याचे लक्ष्य होते. मार्च २०२४ अखेर अभियान संपेपर्यंत ६ कोटी ३९ लाख जणांचे प्रशिक्षण झाल्याची नोंद आहे. पण ‘कुटुंबातील एक’ हा हिशेबच आपण थोडा तपासून बघू. घरातल्या एकाला आले की बाकीच्यांनी शिकायचे थांबायचे, हे आपल्या घरांत फार लवकर घडते. तो एक जण नोकरीसाठी चाकणला किंवा सौदीला गेला की अख्खे घर पुन्हा रांगेत उभे राहते. म्हणून उरलेले शिक्षण घरातच व्हायला हवे. त्यासाठी काही साध्या गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट, घरातल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीच्या आधारला आणि बँक खात्याला कोणता मोबाइल नंबर जोडलेला आहे, हे एका वहीत लिहून काढा. बंद पडलेला किंवा दुसऱ्याचा असेल तर शेवटच्या तारखेची वाट न पाहता आधार केंद्रात आणि बँकेत जाऊन बदलून घ्या. शक्य असेल तर अम्मीचा नंबर अम्मीच्याच हातातल्या फोनमध्ये असू द्या.

दुसरी गोष्ट मुलांसाठी. दादीने, खालाने काही विचारले की फोन तिच्या हातातून ओढून घेऊन “झालं, घे” म्हणू नका. फोन तिच्याच हातात राहू द्या. तुम्ही शेजारी बसून सांगा, बोट तिला टेकवू द्या. पाच मिनिटांचे काम वीस मिनिटे लागेल. दुसऱ्या वेळी दहा लागतील. घरात सून किंवा लेक शिकलेली असेल तर हे काम तिच्याकडे मानाने सोपवा. इल्म वाटल्याने कमी होत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

तिसरी, कुठलाही फॉर्म केंद्रावर भरला तरी ‘सादर करा’ दाबण्यापूर्वी स्क्रीन स्वतः वाचा, किंवा वाचून दाखवायला सांगा. नाव, गट नंबर, हो की नाही, पसंतीक्रम, बँक खाते. पावती घ्या, अर्ज क्रमांक त्याच वहीत लिहा. केंद्रावरच्या माणसाचा अनादर करायचा नाही, पण सही आपली आहे.

चौथी, ओटीपी फोनवर विचारणाऱ्या कुणालाही देऊ नका. लग्नाची पत्रिका, वाहनाचे चलन, शेतकरी योजना अशा नावांनी व्हॉट्सअॅपवर एपीके फाइल येतात. त्या उघडल्या की फोनचा ताबा चोराकडे जातो आणि बँकेतली रक्कमही जाऊ शकते. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त. फसलेल्या बाईला घरच्यांनी बोल लावले, तर ती पुढच्या वेळी सांगणारच नाही आणि फोनलाही हात लावणार नाही. हे नुकसान पैशांपेक्षा मोठे.

पाचवी गोष्ट जमातीसाठी. मशिदीच्या किंवा मदरशाच्या आवारात, नाहीतर शाळेच्या एखाद्या खोलीत, महिन्यातून एक दुपार या कामासाठी ठेवता येईल. गावातील कॉलेजची मुले-मुली, निवृत्त शिक्षक, अंगणवाडीच्या ताई यांना बोलवा. त्या दिवशी कुणाचे फॉर्म भरून द्यायचे नाहीत, भरायला शिकवायचे. बायकांसाठी वेळ आणि जागा त्यांना सोयीची असावी. शिकवणारी बाई असेल तर अधिक उत्तम. शेजारच्या वस्तीतल्या कुणालाही येऊ द्या. रांग सगळ्या गावाची आहे, तर वर्गही सगळ्यांचाच असायला हवा.

सरकारी कचेऱ्यांकडेही एक मागणी लावून धरावी लागेल. फॉर्ममधली मराठी सरळ असावी, ‘नाही’ला ‘हो’ म्हणायला लावणारी वाक्ये नसावीत, आणि ज्याला ऑनलाइन जमत नाही त्याच्यासाठी कागदाचा मार्ग खुला असावा. ही मागणी करायची तर ती तयार मजकुरात नको. स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या गावचे नाव घालून पाठवा. मराठी टाइप करता येत नसेल तर कीबोर्डवरच्या माइकचे चिन्ह दाबून बोला, फोन मराठीत लिहून देतो. चार चुका होतील, त्या दुरुस्त करा.

हा अंक घरी आला असेल त्या आठवड्यातच एक काम करा. घरातल्या ज्या व्यक्तीने “मला जमत नाही” असे सर्वांत जास्त वेळा म्हटले असेल, तिच्याकडून तिचा स्वतःचा सातबारा, रेशनकार्ड किंवा लाडक्या बहिणीच्या अर्जाची स्थिती, काहीतरी एक, तिच्याच हाताने शोधून घ्या. काय अडले आणि काय जमले, ते आम्हाला जरूर कळवा. पत्राने कळवा, किंवा तिनेच फोनवर बोलून लिहिलेल्या चार ओळींनी. त्या चार ओळी या सदरात आनंदाने छापू.